छत्री राहू द्या, बॉक्स बदला

शेजारच्या घरी फ्री डिशवर दिसणारा चॅनेल आपल्या टीव्हीवर येत नाही, किंवा आवाज येतो आणि चित्राच्या जागी नुसता काळोख, असं झालं की पहिला संशय छत्रीवर जातो. कोणीतरी वर चढून छत्री हलवतं, होते तेही चॅनेल जातात, आणि शेवटी दुकानातून छत्री, एलएनबी, वायर, बॉक्स असा सगळा संच नवा येतो. त्यातले बॉक्सचे पैसे तेवढे कारणी लागतात. छत्रीला जुनी पद्धत आणि नवी पद्धत यांतलं काही कळत नाही. आकाशातून येईल ते गोळा करून ती एलएनबीकडे, म्हणजे दांड्यावरच्या डबीकडे, देते. चित्र उलगडण्याचं काम बॉक्सचं, आणि जुना पडतो तोही बॉक्सच. जुन्नर-आंबेगावात ज्यांच्या घरी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची फ्री डिश आहे किंवा तेवढंच जुनं रिचार्जवालं कनेक्शन आहे, त्यांच्यासाठी ही कृती. क्रम मोडू नका. बहुतेकांचं काम बॉक्स बदलून चॅनेल शोधण्यावरच भागतं, छतावर जायची वेळ येत नाही.

भानगड काय आहे ते आधी थोडक्यात. दूरदर्शनची ही फुकट सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने ३३ चॅनेल घेऊन सुरू झाली, तेव्हा चित्र दाबून पाठवण्याची पद्धत होती एमपेग-२. तिच्या मागून आलेली एमपेग-४, म्हणजे एच.२६४, ही २००३ ची. तेवढंच चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते. उपग्रहावरची जागा मोजकी आणि महाग, त्यामुळे वारा कोणत्या दिशेला वाहणार हे ठरलेलंच होतं. प्रसार भारती फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव करते, त्यात आता एमपेग-२ च्या जागा वेगळ्या आणि एमपेग-४ च्या वेगळ्या असतात. नवा बॉक्स दोन्ही वाचतो, जुना फक्त पहिली. रिचार्जच्या कंपन्यांत सन डायरेक्ट (२००७) आणि एअरटेल (२००८) सुरुवातीपासूनच एमपेग-४ वर होत्या. टाटा स्काय, म्हणजे आजची टाटा प्ले, २००६ मध्ये एमपेग-२ वर सुरू झाली आणि पुढे ग्राहकांचे बॉक्स बदलत बदलत नव्या पद्धतीवर गेली.

१. आधी रोग ओळखा

टीव्ही लावा आणि नेमकं काय गेलंय ते बघा.

सगळेच चॅनेल गेले असतील तर पद्धतीचा संबंध नाही. वायर, एलएनबी, छत्री किंवा बॉक्सचा अडॅप्टर यांपैकी काहीतरी बिघडलंय. त्यासाठी नवा बॉक्स आणू नका. सरळ पाचव्या पायरीवर जा.

१ एप्रिलच्या आसपास एक-दोन चॅनेल गेले असतील तर दोष कुणाचाच नाही. लिलावातल्या जागा १ एप्रिल ते ३१ मार्च अशा वर्षासाठी असतात. ज्या चॅनेलने यंदा जागा घेतली नाही तो जातो, नवा येतो, कुणाचा नंबर बदलतो. अशा वेळी बॉक्सवर चॅनेल पुन्हा शोधायचे, एवढंच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोणी ‘तुमचा बॉक्स बंद पडणार’ म्हणून दारात आला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

शेजाऱ्याकडे दिसतात आणि आपल्याकडे पुन्हा शोधूनही येत नाहीत, किंवा चॅनेलचं नाव येतं, आवाज येतो, चित्र येत नाही, तर मात्र बॉक्स जुन्या पद्धतीचा आहे. आवाज येऊन चित्र न येणं ही तर पक्की खूण. आवाजाची जुनी पद्धत बॉक्सला समजते, चित्राची नवी समजत नाही.

आता बॉक्स उलटा करा. खालच्या लेबलवर एमपेग-४, एच.२६४ किंवा डीव्हीबी-एस२ यांपैकी काही छापलेलं असेल तर तो नवा आहे आणि घोडं दुसरीकडे अडलंय. मागे एचडीएमआयची चपटी खाच असेल तरी तो जवळजवळ नक्की नवाच. पण खाच नाही म्हणून तो जुना, असं धरू नका. बिनखाचेचे एमपेग-४ बॉक्सही भरपूर विकले गेलेत. लेबल तेलकट हातांनी पुसून गेलं असेल तर वर सांगितलेली आवाजाची खूण चालते.

२. रिचार्जचं कनेक्शन असेल तर

ही पायरी फ्री डिशवाल्यांनी सोडून द्यावी, शेवटची दोन वाक्यं तेवढी वाचावीत. पैसे भरून चालणाऱ्या डिशचा बॉक्स बाजारातून आणून चालत नाही. तो आणि त्यातलं कार्ड त्या कंपनीशी बांधलेलं असतं. म्हणून दुकानाआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा, तोही तुमच्या नोंदवलेल्या मोबाईलवरूनच. विचारायचं ते असं: माझा बॉक्स बदलायचा आहे का, बदलून देताना पैसे किती, जुना परत घेणार का, आणि बॉक्स बदलल्यावर माझा पॅक तोच राहणार का. शेवटचा प्रश्न विसरू नका. एचडी बॉक्स आला की एचडी चॅनेलांचा महागडा पॅक सोबत चिकटतो आणि ते पुढच्या रिचार्जला कळतं.

तक्रारीचा नंबर कागदावर लिहून घ्या. घरी आलेल्या माणसाला पावतीशिवाय रोख देऊ नका, ओटीपी तर कुणालाच सांगू नका. दाद लागली नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि रिचार्जही नाही. ‘सरकारकडून अपडेट आलंय, एवढे भरा’ असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा.

३. बॉक्स घ्यायला जाण्यापूर्वी

जुना बॉक्स अजून जोडलेला आहे तोवर त्याच्या मेनूतल्या इन्स्टॉलेशनमध्ये जा. पासवर्ड मागितला तर बहुतेक ठिकाणी ०००० किंवा १२३४ चालतो. उपग्रहाचं नाव, एलएनबीची सेटिंग आणि सिग्नलचे दोन पट्टे दिसतील त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. दोन पट्ट्यांपैकी स्ट्रेंग्थचा म्हणजे जोराचा पट्टा फसवा असतो; एलएनबीला वीज पोचली तरी तो चढतो. बघायचा तो क्वालिटीचा. हा फोटो पुढे फार उपयोगी पडतो. बॉक्स बदलल्यावर क्वालिटी तेवढीच असेल तर छत्रीला हात लावायचं कारण नाही.

दुसरा फोटो टीव्हीच्या मागच्या बाजूचा. एचडीएमआय आहे, की लाल-पांढरी-पिवळी छिद्रं आहेत, की जुन्या अँटेनाचं एकच गोल छिद्र आहे, ते दुकानदाराला दाखवायला. फक्त अँटेनाचं छिद्र असलेल्या फार जुन्या टीव्हीला मधे एक छोटा मॉड्युलेटर लागतो. तो सगळीकडे मिळत नाही आणि त्याच्यामागे धावण्यापेक्षा वापरलेला पण बरा टीव्ही घेणं परवडतं. उलट टीव्ही अगदी नवा असेल तर थांबा. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. भारतीय मानक ब्युरोने त्यासाठी आयएस १८११२:२०२२ हे मानकही केलं आहे. मागे छत्रीची वायर पिळून बसवायचा स्क्रूचा जोड असेल तर कदाचित बॉक्स लागणारच नाही.

४. बॉक्स घेणं, जोडणं, शोधणं

नारायणगाव, मंचर, घोडेगाव, जुन्नर, ओतूर, आळेफाटा, कुठेही घ्या, पण दुकानातल्या छत्रीला लावून दाखवायला सांगा. लेबलवर एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ दोन्ही हवेत. काहींवर आयकॅस लिहिलेलं असतं. ते प्रसार भारतीने मान्यता दिलेल्या उत्पादकांचे. साधा बॉक्स हजार-दीड हजारात येतो. बिलावर मॉडेलचा नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या कागदावर दुकानाचा शिक्का घ्या.

अडॅप्टर उलटा करून त्यावरचा इनपुटचा आकडा वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला घ्यावा. नदीकाठी मोटारी चालू झाल्या की घरातलं व्होल्टेज बसतं, बॉक्स सारखा बंद-चालू होतो आणि माणसं छत्रीला दोष देत बसतात.

घरी आल्यावर जुना बॉक्स काढण्याआधी त्याची पिन भिंतीतून काढा. रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. वायरमधून एलएनबीकडे १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. चालू बॉक्सची वायर पिळताना मधली तार कडेला टेकली तर आतला भाग जळू शकतो, आणि तो नव्या बॉक्सचाही जळू शकतो. मग जुन्याची वायर नव्याला, टीव्हीची केबल, आणि सगळ्यात शेवटी वीज. स्क्रूचा जोड बोटांनीच घट्ट करा, पकडीने आवळू नका.

मेनूत उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ पूर्व निवडा. काही बॉक्सांत याच जागेला अजून जुन्या उपग्रहाचं नाव, इन्सॅट-४बी, लिहिलेलं सापडतं. चालतं, जागा तीच आहे. एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. डायसेक बंद, कारण बॉक्सला एकच छत्री आणि एकच एलएनबी जोडलेला आहे. मग ऑटो किंवा ब्लाइंड स्कॅन लावा आणि मधे रिमोटची बटणं दाबू नका. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसलं तर व्हिडिओ पाल वर ठेवा. माणसं लांबुडकी किंवा बुटकी दिसली तर ४:३ करा.

चॅनेल आले की लगेच सगळे पाळीपाळीने लावून बघा, नुसती सह्याद्री लागली म्हणून उठू नका. घरात शाळेतली मुलं असतील तर स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्याचे वर्ग चालवणारे शैक्षणिक चॅनेलही याच उपग्रहावरून येतात. ते लागतात का तेही बघून ठेवा. मोबाईलचा डेटा न जाळता ते बघता येतात, हा माझ्या मते नव्या बॉक्सचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि विकणारे तोच सांगत नाहीत.

५. चौकोन-चौकोन येत असतील तर वायर

जुन्या बॉक्सवर काठावर चालणारी छत्री नव्या बॉक्सवर काही चॅनेलांना कमी पडू शकते, कारण नव्या पद्धतीच्या काही सिग्नलांना क्वालिटी जरा जास्त लागते. चित्र फुटतं, चौकोन येतात. अशा वेळीही पहिला हात वायरच्या दोन टोकांना.

एलएनबीजवळचा जोड उघडा. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल किंवा जोडातून पाण्याचा थेंब निघाला तर दुखणं सापडलं. ते टोक हातभर कापून टाका. नवं टोक करताना बाहेरचं काळं आवरण अर्धा इंच सोला, जाळीच्या तारा मागे वळवा, आतला पांढरा भाग पाव इंच ठेवून बाकीचा सोला. मधली तार जोडाच्या तोंडाबाहेर थोडीशीच डोकावली पाहिजे. जाळीची एक केसाएवढी तार जरी मधल्या तारेला टेकली तरी सगळं बंद. ती शोधायला उजेडात, चष्मा लावून बघा. जोड बसवल्यावर टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलांसारखा चढतो आणि पाणी आत शिरत नाही. एलएनबीखाली वायरचा एक लोंबता वळसा ठेवा. पाणी त्या वळशाच्या तळाशी येऊन टपकतं, जोडात जात नाही. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाटाकडच्या पावसात हे दोन उपाय नसतील तर कोणतीही वायर दोन पावसाळे काढत नाही.

खोडदच्या आसपास राहणाऱ्यांना आणखी एक विनंती. तिथल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या ज्या लहरी ऐकतात, त्यांचा सगळ्यात वरचा पट्टा १०५० ते १४५० मेगाहर्ट्झचा. आपल्या छत्रीपासून टीव्हीपर्यंतच्या वायरीत धावतात ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ. उघडी टोकं, सोललेले जोड, टेपने जोडलेली दोन वायरींची गाठ असं काही ठेवू नका. टीव्हीच्या भल्यासाठीही नको आणि दुर्बिणीच्याही.

६. शेवटचा उपाय: छत्री

वायर ठीक, बॉक्स ठीक, तरी क्वालिटी कमी, तेव्हाच वर चढायचं. दिवसा चढा, आणि खाली टीव्हीजवळ कुणाला तरी फोनवर ठेवा. बिबट्याच्या पट्ट्यात उसाच्या कडेला घर असेल तर अंधार पडल्यावर ‘आलं का? आलं का?’ करत अंगणात फिरणं नको.

आधी खांब. दोऱ्याला दगड बांधून ओळंबा लावा आणि दोन बाजूंनी बघा. खांब वाकडा असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट, कारण छत्री फिरवली की तिची उंचीही बदलत राहते.

मग दिशा. जुन्नर आणि आंबेगावातून ९३.५ अंशांवरचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १३३ अंशांवर, म्हणजे जवळपास अचूक आग्नेयेला आहे, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर. दोन तालुक्यांच्या कोणत्याही टोकाला यात फरक पडला तर अंशाभराचा. मोबाईलचं होकायंत्र पत्र्याजवळ आणि छत्रीजवळ चुकतं. दहा फूट दूर उभं राहून दिशा धरा आणि समोरचं एखादं झाड खूण म्हणून ठरवा. छत्रीचं तोंड ५८ अंशांइतकं वर दिसणार नाही, ती बरीच उभी दिसेल. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो म्हणून असं होतं. घाबरून ती आडवी करू नका.

शेजाऱ्याची छत्री बघून आपली लावणं सोपं, पण त्याच्या छत्रीवर नाव काय आहे ते वाचा. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, आपल्या गावातून दोघांत जेमतेम दोनेक अंशांचं अंतर. त्यावर छत्री बसली तर जोराचा पट्टा भरलेला दिसतो आणि आपला एकही चॅनेल येत नाही. टाटा प्लेची छत्री तर १५४ अंशांकडे, बरीच दक्षिणेला आणि जास्त वर बघते.

बोल्ट सैल करा, पूर्ण काढू नका. उंची ठरवून ठेवा आणि छत्री डावी-उजवी इतकी हळू सरकवा की प्रत्येक वेळी बोटभरही नाही. सरकवायचं आणि दोन-तीन श्वास थांबायचं. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटतो तो इथेच. क्वालिटी सगळ्यात जास्त झाली की खूण करा, मग उंची किंचित वर-खाली, आणि शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा पिळून बघा. हे पिळणं बहुतेक जण विसरतात. बोल्ट आवळताना पुन्हा पट्टा बघा, कारण आवळतानाच छत्री सरकते.

‘डोंगर आडवा येतो’ ही तक्रार आपल्याकडे फार ऐकू येते, आणि ती बहुधा खरी नसते. ५८ अंशांवर बघणाऱ्या छत्रीला अडवायला डोंगर अगदी कड्याच्या पायथ्याशी घर असल्यासारखा हवा. अडवतं ते अंगणातलं आंब्याचं झाड किंवा शेजाऱ्याने चढवलेला मजला. हिशेब सोपा आहे: छत्रीपेक्षा दहा फूट उंच असलेली वस्तू आग्नेयेला आठ फुटांच्या आत नको. याची पारख करायची एक फुकट युक्तीही आहे. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला पाचेक मिनिटं कमी असताना सूर्य आपल्या गावातून बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन असेल तर वाट मोकळी. झाडाची सावली असेल तर अडसर तोच. त्या दोन-चार दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं, तेही सूर्यामुळेच. तेव्हा छत्रीला हात लावायचा नाही.

मुसळधार पावसात, काळा ढग आग्नेयेला असताना चित्र जाणं हे कोणत्याही बॉक्सने थांबत नाही. वळवाच्या विजा चमकायला लागल्या तर बॉक्सची पिनही काढा आणि छत्रीची वायरही.

आकाशाकडे तोंड केलेल्या छत्र्यांची या भागाला ओळख नवी नाही. नारायणगावजवळच्या आर्वीला देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र १९७१ मध्ये सुरू झालं. त्याची छत्री जवळजवळ ३० मीटरची होती. आपली दोन फुटांची. नेम धरण्याचं तत्त्व मात्र दोन्हीकडे तेच.

७. जुन्या बॉक्सचं काय

रिचार्जवाल्या कंपनीचा बॉक्स भाड्याचा किंवा अनामत भरून घेतलेला असेल तर तो भंगारात घालू नका. परत करून पावती घ्या, अनामत मागा. स्वतःच्या मालकीचा जुना फ्री डिश बॉक्स कोणाला ‘चालतोय अजून’ म्हणून विकू नका, त्याला वर्षभराने तुमच्यासारखंच करावं लागेल. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो अधिकृत संकलकाकडे जायला हवा. नवा घेताना दुकानदाराला जुना घेतो का ते विचारा. कापलेल्या वायरीतलं तांबं काढायला ती जाळू नका, धूर विषारी असतो. अडॅप्टर आणि एचडीएमआय केबल चांगली असेल तर ठेवा. रिमोट ठेवून उपयोग नाही, नव्या बॉक्सला तो चालत नाही. त्यातले सेल तेवढे काढून घ्या.